उसने रायबोसोम

नागपुरात म्हाळगीनगर चौक मागे टाकून दक्षिणेला निघालं की हुडकेश्वर लागतं. बुद्रुक आणि खुर्द अशी ही मूळची दोन गावं. 2013 साली नरसाळ्यासोबत ती महापालिकेच्या हद्दीत आली, आणि तेव्हापासून ले-आऊटला ले-आऊट लागत गेले. शहराच्या अशा कडेच्या वस्त्यांत एका बाजूला फ्लॅट स्कीम उभ्या राहतात आणि दुसऱ्या बाजूला जुनं गावठाण, गोठे, मातीच्या भिंती टिकून असतात. त्या भिंतींच्या भेगांत, ओलसर अंधारात, दोन-तीन मिलिमीटरची एक माशी राहते. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, उडताना आवाज न करणारी. फार लांब उडणं तिला जमत नाही, टुणटुण उड्या मारत ती भिंतीवरून खाटेवर येते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही ती आत शिरते. पुस्तकात तिला वाळूमाशी म्हणतात. आरोग्य विभागाची माणसं सरळ ‘सँडफ्लाय’ म्हणतात.

या माशीची ओळख करून देण्याचं कारण नागपूर जिल्ह्यातच आहे. 1965 साली नागपूर भागात तापाची मोठी साथ आली. चिकुनगुनिया आणि डेंगी दोन्ही फिरत होते. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत (एनआयव्ही), रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले जात होते. त्यातल्या दोन नमुन्यांत पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांना एक निराळाच विषाणू सापडला. तो ना चिकुनगुनियाचा होता ना डेंगीचा. विषाणूला गावाचं नाव द्यायची तेव्हाची रीत होती, म्हणून ज्या गावचे ते नमुने होते त्या चांदीपुऱ्याचं नाव त्याला मिळालं. 1967 साली तो शोध प्रसिद्ध झाला. (ओडिशातल्या क्षेपणास्त्रांच्या चांदीपूरशी याचा काही संबंध नाही. वर्तमानपत्रांत ही गल्लत अधूनमधून होते.)

पुढची बरीच वर्षं वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा हा चांदीपुरा विषाणू तज्ज्ञांपुरता विषय होता. 2003 च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुलं तापाने फणफणून, झटके येऊन, बेशुद्ध होऊन दगावू लागली. तिथल्या 329 आजारी मुलांपैकी 183 गेली. बरीचशी मुलं दवाखान्यात आणल्यापासून दिवसभरातच गेली. त्याच मोसमात महाराष्ट्रातही रुग्ण आढळले. 2007 साली नागपूर विभागात पुन्हा साथ आली. 2024 च्या जून ते ऑगस्टमध्ये, मुख्यतः गुजरातमध्ये, मेंदूज्वराचे 245 रुग्ण नोंदले गेले. त्यांतल्या 64 जणांमध्ये चांदीपुरा असल्याची खात्री झाली.

आता या विषाणूचा संसार बघा. त्याची सगळी आनुवंशिक माहिती आरएनएच्या एकाच धाग्यावर लिहिलेली असते. अक्षरं साधारण 11 हजार. माणसाच्या जनुकसंचात ती सुमारे 300 कोटी असतात. त्या 11 हजार अक्षरांत जनुकं फक्त पाच, आणि त्यांपासून मुख्य प्रथिनंही पाच. एन, पी, एम, जी आणि एल अशी त्यांची एकाक्षरी नावं. एवढ्या भांडवलावर तो चार-पाच वर्षांचं धडधाकट मूल दोन दिवसांत संपवू शकतो. हे त्याला कसं जमतं, याचं उत्तर त्याच्याजवळ काय आहे यात शोधून फारसं हाती लागत नाही. त्याच्याजवळ काय नाही ते आधी पाहावं लागतं.

त्याच्याजवळ रायबोसोम नाही.

प्रथिनं बनतात ती रायबोसोमवर, मग तो प्राणी असो, वनस्पती असो की जिवाणू. आपल्या पेशीतला रायबोसोम म्हणजे आरएनएचे चार तुकडे आणि सुमारे 80 प्रथिनं यांची जुळणी. एकेका पेशीत अशा जुळण्या लाखांनी असतात, काही पेशींत त्यांची संख्या कोटीच्या घरात जाते. एमआरएनए नावाच्या धाग्यावरची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचायची आणि प्रत्येक गटाला नेमून दिलेलं अमिनो आम्ल साखळीत जोडायचं, हे त्याचं काम. चांदीपुरा विषाणूची एकूण जनुकं पाच. 80 प्रथिनांच्या रायबोसोमचा आराखडा त्यात बसणारच नाही. बाकीच्या विषाणूंचीही तीच गत आहे. 2003 साली ओळख पटलेला मिमीव्हायरस चांगला बारा लाख अक्षरांचा आहे, आणि प्रथिननिर्मितीला लागणारी काही किरकोळ एंझाइमंसुद्धा तो स्वतः बनवतो. रायबोसोम मात्र त्याच्याकडेही नाही. विषाणू आणि बाकी सजीव यांच्यात रेघ कुठे ओढायची असं मला कुणी विचारलं, तर मी ती इथे ओढेन.

विषाणू दुसऱ्याचेच रायबोसोम वापरतो, हे कळलं तो प्रयोग सांगण्यासारखा आहे. 1960 च्या उन्हाळ्यात सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा जेकब आणि मॅथ्यू मेसेलसन हे तिघे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये जमले. जिवाणूंना मारणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. फाजची लागण होताच जिवाणू स्वतःची प्रथिनं बनवणं थांबवून फाजची बनवू लागतो. मग फाज आपले नवे रायबोसोम तयार करून घेतो की जुनेच वापरतो? तिघांनी जिवाणू आधी जड नायट्रोजन आणि जड कार्बन असलेल्या अन्नावर वाढवले, त्यामुळे त्यांचे रायबोसोम वजनाला जड झाले. मग फाज सोडून जिवाणूंना लगेच साध्या अन्नात हलवलं. आता नवा रायबोसोम बनला तर तो हलका असणार. प्रयोग काही केल्या जमेना, रायबोसोम मध्येच फुटत होते. मॅग्नेशियम कमी पडतं आहे हे ब्रेनरना अगदी शेवटी सुचलं, तेही समुद्रकिनाऱ्यावर हताश होऊन बसलेले असताना. मॅग्नेशियम वाढवलं आणि निकाल स्वच्छ आला. हलके रायबोसोम बनलेच नव्हते. फाजचा ताजा आरएनए जिवाणूच्या जुन्या, जड रायबोसोमवर जाऊन बसला होता.

1961 साली ‘नेचर’मध्ये आलेला हा निबंध एमआरएनएचा शोध म्हणून ओळखला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. रायबोसोमला स्वतःची आवडनिवड नसते. जो संदेश येईल तो तो वाचतो. संदेश कुणाचा आहे हे तपासायची सोयच त्याच्यात नाही. माशीच्या पेशीतला रायबोसोम आणि मुलाच्या मेंदूतला रायबोसोम त्याच तीन अक्षरांचा तोच अर्थ लावतात. म्हणून चांदीपुऱ्याची पाच जनुकं जशी वाळूमाशीत चालतात तशीच माणसातही चालतात.

पण चांदीपुऱ्यापुढे एक अडचण असते, आणि या विषाणूचं खरं वैशिष्ट्य त्या अडचणीतच आहे.

डेंगीच्या किंवा पोलिओच्या विषाणूचा आरएनए सुलट असतो. तो नुसता पेशीत पडला तरी रायबोसोम त्याच्यावर बसून वाचायला लागतो. चांदीपुऱ्याचा धागा उलट असतो. कचेरीतल्या रबरी शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरलेली असतात, कागदावर ठसा उमटवल्याशिवाय ती वाचता येत नाहीत. तसंच हे. या धाग्यावरून आधी सुलट एमआरएनए उतरवून घ्यावा लागतो. आरएनएवरून आरएनए उतरवणारं या कामाचं एंझाइम आपल्या पेशीत नसतं. आपल्याकडे आरएनए बनतो तो डीएनएवरून. त्यामुळे चांदीपुऱ्याचा निव्वळ आरएनए काढून पेशीत टाकला तर काहीच घडत नाही. विषाणूला ते एंझाइम स्वतःबरोबर, तयार अवस्थेत, आणावंच लागतं. हे एंझाइम म्हणजे त्याचं सर्वांत मोठं प्रथिन, एल. ते कामाला लागायला पी हे छोटं प्रथिन सोबत लागतं. चांदीपुऱ्याचा एक अमेरिकन भाऊबंद आहे, गुराघोड्यांच्या तोंडात फोड आणणारा व्हीएसव्ही. विषाणूच्या कणात असं एंझाइम आयतं असतं हे 1970 साली डेव्हिड बाल्टिमोर, ॲलिस हुआंग आणि मार्था स्टँपफर यांनी त्याच व्हीएसव्हीत दाखवून दिलं. चांदीपुऱ्याबद्दल आज जे कळलेलं आहे त्यातलं पुष्कळसं या भाऊबंदावरच्या कामाचा आधार घेऊन कळलेलं आहे.

तर माशी चावते, विषाणू रक्तात उतरतो, पेशीच्या आवरणाला चिकटतो, आणि पेशी त्याला एका पिशवीत गुंडाळून आत ओढून घेते. पिशवीतली आम्लता वाढली की विषाणूच्या पृष्ठभागावरचं जी प्रथिन आकार बदलतं, दोन आवरणं एकमेकांत मिसळतात आणि आतला धागा पेशीद्रवात मोकळा होतो. हा धागा उघडा नसतो. एन प्रथिनाच्या एकेका रेणूने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत झाकलेला असतो.

इथून एलचं काम सुरू होतं. धाग्याच्या एका टोकापासून ते निघतं आणि एन, पी, एम, जी, एल या क्रमाने एकेका जनुकाचा एमआरएनए उतरवत जातं. दोन जनुकांच्या सांध्यावर ते थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. मात्र प्रत्येक सांध्यावर काही एंझाइमं धागा सोडून देतात. सोडलेल्याला मधूनच सुरुवात करता येत नाही, पुन्हा पहिल्या टोकापासूनच यावं लागतं. व्हीएसव्हीत मोजून पाहिलं तेव्हा ही गळती बहुतेक सांध्यांवर 30 टक्क्यांच्या आसपास निघाली, शेवटच्या सांध्यावर तर त्याहून बरीच जास्त. परिणाम असा की एनचे संदेश सर्वांत जास्त बनतात, पीचे त्याहून कमी, आणि एलचे अगदी थोडे.

वरवर पाहता हा एंझाइमचा दोष वाटतो. पण विषाणूला नेमकं याच प्रमाणात प्रथिन लागतं. व्हीएसव्हीच्या एका कणात एनचे सुमारे 1,250 रेणू असतात आणि एलचे जेमतेम 50. एकाच धाग्यावर ओळीने जनुकं मांडायची आणि गळतीने प्रमाण साधायचं. यासाठी नियंत्रणाचं वेगळं जनुक लागत नाही, वेगळं प्रथिन लागत नाही. पाच जनुकांच्या मालकाला वेगळं काही परवडणारही नाही. मला स्वतःला विषाणूंच्या साऱ्या युक्त्यांत ही सर्वांत देखणी वाटते.

उतरवलेला संदेश रायबोसोमने स्वीकारावा यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात. आपल्या एमआरएनएच्या सुरुवातीला एक रासायनिक टोपी असते, तिला कॅप म्हणतात, आणि शेवटी ए या अक्षराची लांब शेपटी असते. कॅप नसेल तर रायबोसोम सहसा त्या संदेशाला धरत नाही. आपल्या पेशीत कॅप बसवण्याचं काम केंद्रकात होतं, आणि चांदीपुरा केंद्रकात जातच नाही. त्यामुळे हेही काम एललाच करावं लागतं. कॅप बसवायची त्याची रासायनिक रीत आपल्या रीतीपेक्षा वेगळी आहे, पण तयार झालेली टोपी हुबेहूब आपल्यासारखी असते. एक प्रथिन, आणि कामं अशी: नक्कल करणं, टोपी घालणं, शेपटी लावणं. 2,092 अमिनो आम्लांचं हे प्रथिन एवढं लांबलचक का, हे यावरून लक्षात येईल. आपला रायबोसोम सेकंदाला साधारण पाच-सहा अमिनो आम्लं जोडतो. त्या वेगाने एलची एक प्रत व्हायला सहा-साडेसहा मिनिटं लागतात. 422 अमिनो आम्लांचं एन सव्वा मिनिटात तयार होतं.

रायबोसोम आपले, अमिनो आम्लं आपली, त्यांना जोडायला लागणारी ऊर्जा आपली. याखेरीजही विषाणू पेशीकडून काम करून घेतो. पी प्रथिन रायबोसोमवरून उतरतं तेव्हा ते पुरेसं कामाचं नसतं. त्याच्यावर एक फॉस्फेट गट चढवावा लागतो, आणि तो चढवतं आपल्याच पेशीतलं केसीन कायनेज-2 हे एंझाइम. कोलकाता विद्यापीठात ध्रुवज्योती चट्टोपाध्याय यांच्या गटाने चांदीपुऱ्याच्या पी प्रथिनावर अनेक वर्षं काम केलं. फॉस्फेट चढलेलं पी संदेश उतरवण्यात कसं भाग घेतं, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झालं. विदर्भातल्या गावाच्या नावाचा विषाणू रेणूच्या पातळीवर समजून घेण्याचं मोठं काम बंगालमध्ये झालं आहे.

एम प्रथिनाचं काम दुहेरी आहे. कण बांधताना ते आतली गुंडाळी आवरणाला जोडून देतं, हे झालं त्याचं रोजचं काम. दुसरं काम घातक आहे. आपले एमआरएनए केंद्रकात बनतात आणि केंद्रकाच्या भिंतीतल्या छिद्रांतून पेशीद्रवात येतात. एम ही ये-जा रोखतं. चांदीपुऱ्याच्या एममध्ये ही क्षमता असल्याचं 2001 साली प्रयोगांनी दिसून आलं. विषाणूचे संदेश पेशीद्रवातच उतरवले जातात, त्यामुळे छिद्रं बंद पडल्याने त्यांचं काहीच अडत नाही. पेशीचे नवे संदेश मात्र आत अडकतात. रायबोसोमवरची गर्दी ओसरते आणि जागा विषाणूला मिळते. याहून वाईट म्हणजे, विषाणू आल्याची जाणीव झालेली पेशी इंटरफेरॉन बनवायला निघते आणि शेजारच्या पेशींना सावध करू पाहते, पण त्या इंटरफेरॉनचा संदेशही आतच अडकून पडतो.

जीची वाट या सगळ्यांपेक्षा वेगळी. त्याचा संदेश वाचणारा रायबोसोम पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याला जाऊन चिकटतो, प्रथिन बनता बनताच त्या जाळ्यात सोडलं जातं, तिथे त्याच्यावर साखरेचे रेणू चढतात आणि पेशीची नेहमीची वाहतूक त्याला बाह्य आवरणापर्यंत पोहोचवते.

दरम्यान एनचा साठा वाढत जातो. पुरेसं एन साठलं की ते नव्याने बनणाऱ्या धाग्याला सुरुवातीपासूनच झाकू लागतं. मग एल सांध्यांवर थांबत नाही, धाग्याची सलग पूर्ण प्रत काढतं. म्हणजे संदेश उतरवणं कधी थांबवायचं आणि प्रती काढणं कधी सुरू करायचं, हा निर्णयही रायबोसोमने किती एन बनवून दिलं त्यावर ठरतो. शेवटी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे कण पेशीचंच आवरण अंगावर घेऊन बाहेर पडतात.

रायबोसोम मिळवण्याच्या इतर विषाणूंच्या तऱ्हा थोडक्यात सांगतो. डेंगीचा विषाणू एकच 3,400 अमिनो आम्लांची सलग साखळी बनवून घेतो आणि मग तिचे दहा तुकडे पाडतो. काही काप तो स्वतः घालतो, काही पेशीच्या एंझाइमकडून घालून घेतो. पोलिओच्या आरएनएवर कॅप नसते, म्हणून तो कॅप ओळखणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिनच कापून टाकतो. पेशीचे संदेश अडतात आणि पोलिओ आपल्या आडवाटेने रायबोसोम गाठतो. इन्फ्लुएन्झा तर आपल्या एमआरएनएच्या टोप्या कापून स्वतःच्या संदेशांना लावतो. कोरोनाच्या विषाणूचं एनएसपी-1 हे प्रथिन रायबोसोमच्या ज्या फटीतून संदेश आत सरकतो तिथेच बूच बसवतं. माणूसही आता हेच तंत्र वापरू लागला आहे. एमआरएनए लस म्हणजे रायबोसोमच्या हाती दिलेला, आपल्या सोयीचा संदेश. भारताच्या पहिल्या एमआरएनए लशीला जून 2022 मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, ती पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची. आणि व्हीएसव्हीचं जी काढून त्या जागी इबोलाचं प्रथिन घातलेल्या लशीला 2019 साली मंजुरी मिळाली.

आता दवाखान्यातल्या गोष्टीकडे येऊ, कारण हे सगळं तिथेच येऊन ठेपतं.

टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं जिवाणूच्या रायबोसोमवर जाऊन बसतात आणि त्याचं काम बंद पाडतात. जिवाणूचा रायबोसोम आपल्यापेक्षा लहान आणि घडणीने वेगळा असतो, म्हणून जिवाणू मरतो आणि आपण वाचतो. ही औषधं रायबोसोमच्या कोणत्या खाचेत बसतात हे वेंकटरमण रामकृष्णन आणि इतरांच्या कामातून रेणूगणिक कळलं. रायबोसोमच्या रचनेसाठी त्यांना 2009 चं नोबेल विभागून मिळालं. चांदीपुऱ्यावर मात्र ही औषधं चालत नाहीत, कारण तो वापरतो तो रायबोसोम मुलाचा असतो. तो बंद पाडणारं औषध मुलालाच मारेल. मारा करायचा तर विषाणूने स्वतः आणलेल्या गोष्टीवर करावा लागेल, आणि तशी मुख्य गोष्ट म्हणजे एल. आरएनएची नक्कल करणाऱ्या एंझाइमवर काम करणारं फॅव्हिपिराव्हीर हे औषध एनआयव्हीने उंदरांवर तपासलं असून निकाल आशा वाढवणारे आहेत. माणसासाठी मंजूर झालेलं खास औषध किंवा लस अजून नाही.

यात नागपूरकरांनी एक गुंतागुंत लक्षात ठेवली पाहिजे. 2018 च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफसची साथ आली होती. तोही तापाचा आजार, तोही कधीकधी मेंदूपर्यंत जातो, पण तो जिवाणूचा आहे आणि डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. म्हणून झटके आलेल्या मुलाला डॉक्टर निदान व्हायच्या आधीच ते औषध सुरू करतात, तेव्हा ते योग्यच करत असतात. तो निर्णय तपासून घेतलेला असतो. ताप आला म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमधून तेच औषध आणून दोन दिवस वाट बघणं ही निराळी गोष्ट आहे, आणि चांदीपुऱ्यात ते दोन दिवस हाताशी नसतात. जून ते ऑगस्टमध्ये मुलाला एकदम जोराचा ताप चढला, उलट्या सुरू झाल्या, झटका आला किंवा मूल गुंगीत जाऊ लागलं, तर गोळी शोधत बसू नका. रात्र असली तरी मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, जे रुग्णालय जवळ असेल तिथे लगेच घेऊन जा.